बाईंनी न लिहिलेलं परीक्षण

बाईंसमोर कुणी 'एकदा बघायला हरकत नाही' असं म्हटलं की त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

"हरकत घ्यायला मी काय पोलीस आहे?" त्या म्हणायच्या. "बघायचा की नाही ते लोकांचं लोक ठरवतील. तुम्ही आत जाऊन काय बघितलंत, ते सांगा. तेवढंच तर काम आहे!"

हे त्या मला सुनवायच्या, कारण परभणीच्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी तेव्हा मी लावत होतो आणि पुरवणीच्या शेवटच्या पानावर बाईंचं चित्रपट परीक्षण असायचं. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पांढरी साडी नाही, चष्म्याला दोरी नाही. ठसठशीत रंगाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि बारा महिने हातात छत्री. परभणीच्या उन्हात छत्री कुणीही वापरेल, पण बाई ती थिएटरातही न्यायच्या. पुढच्या रांगेतल्या कुणी सिनेमा चालू असताना मोबाईल उघडला की छत्रीचं टोक हलकेच त्याच्या खांद्याला लागायचं. माणूस चिडून मागं वळायचा आणि बाईंचा चेहरा बघून मोबाईल खिशात घालायचा. त्यातल्या पुष्कळांच्या बायकांना, बहिणींना त्यांनी शिकवलेलं असायचं.

त्या माणसांना नावानं नाही, गावानं हाक मारायच्या. मी पोखर्णीचा, म्हणून मी 'पोखर्णीकर'. डीटीपी करणारा बोरीचा, तो 'बोरीकर'. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "बाई, आमी तुमचा मजकूर शनिवारी घेताव."

"आमी नाही, आम्ही. घेताव नाही, घेतो. 'ह' म्हणायला काय जीभ भाजते का तुमची?"

पेपरात काम करणाऱ्या पदवीधराला असं चारचौघांत सुनवल्यावर राग यायला पाहिजे. मलाही आला. पण त्यांचा मजकूर हातात पडला की राग टिकायचा नाही. सुवाच्य अक्षर, एक काना इकडचा तिकडं नाही, आणि प्रत्येक परिच्छेदात कुठंतरी ठिणगी.

चिडण्यासाठी बाईंना कारण लागायचं नाही, सिनेमा पुरायचा. पडद्यावरच्या खेड्यांवर तर त्यांचा खास राग होता. "सारवलेलं अंगण, त्यात एकही कोंबडी नाही, कोंबडीची घाण नाही. आणि ती नायिका कापूस वेचून घरी येते, तर बोटं बघा तिची! बोंडाचं टोक एकदा तरी टोचलंय का त्या बोटांना? अहो, आमच्या वर्गात दिवाळीनंतर मुली यायच्या, त्यांना पेन धरवायचं नाही." एका सिनेमात दुष्काळ दाखवला होता आणि नायकाचा सदरा दर प्रसंगात इस्त्रीचा होता. त्यावर बाईंनी लिहिलं होतं: 'पाणी संपले आहे, परंतु इस्त्रीवाला अद्याप गावात आहे.' ते वाक्य पुढं कितीतरी दिवस आमच्या ऑफिसात फिरत होतं.

पास त्यांनी कधी घेतला नाही. थिएटरचा मॅनेजर भला माणूस होता, दर शुक्रवारी म्हणायचा, "बाई, तुमी कशाला तिकीट काढता? आपलंच थेटर समजा." बाई म्हणायच्या, "फुकट बघितलं की राग येत नाही. आणि राग नाही आला तर मी लिहू काय?" सिनेमा वाईट वाटला तर त्या तो पुन्हा जाऊन बघायच्या. चांगला म्हणायला एकदा बघितलेला पुरतो, वाईट म्हणायचं तर दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. शेवटची नावं पडद्यावरून संपेपर्यंत त्या उठायच्या नाहीत. झाडणाऱ्या बाया झाडू धरून दाराशी ताटकळायच्या. त्यांनाही सवय झाली होती. "बसू द्या," त्या एकमेकींना सांगायच्या, "त्या नावं वाचायल्यात."

ताऱ्यांवरून झालेलं भांडण तर मी विसरणार नाही. पुरवणीची नवी मांडणी आली आणि कुणीतरी बाईंच्या परीक्षणाखाली पाचपैकी अडीच तारे टाकले. बाई सोमवारी सकाळी ऑफिसात.

"हे काय आहे?"

"बाई, आता सगळीकडं तारे द्यायलेत. वाचकांना लवकर कळतं."

"अडीच म्हणजे काय कळतं? पास झाला का एटीकेटी लागली? आणि तो अर्धा तारा कशाचा कापलात? संगीताचा? नायकाच्या डाव्या मिशीचा?"

त्या दिवसापासून आमच्या पेपरात तारे आले नाहीत. बाई लिहीत होत्या तोवर.

थिएटरच्या दारात हल्ली मोबाईल आणि माईक घेऊन उभे राहणारे असतात. सिनेमा सुटला की लोकांना गाठायचं, 'एका शब्दात सांगा, कसा वाटला?' लोक 'भन्नाट', 'कडक', 'बकवास' असं काहीतरी ओरडतात आणि पुढं जातात. असा एक जण बाईंच्या आडवा आला. बाई थांबल्या.

"एका शब्दात?"

"हां मॅडम, फक्त एक शब्द."

"अरे, त्या लोकांनी दोन वर्षं मरमर केलीय. उन्हात उभे राहिलेत, रात्री जागलेत, कुणी घर गहाण टाकलं असेल. आणि मी त्यांना एका शब्दात निकालात काढू? तुझ्या आईचा स्वयंपाक तू एका शब्दात सांगतोस का?"

तो म्हणाला, "हां. भारी."

"म्हणूनच ती माऊली तुला रोज तीच भाजी घालत असेल," असं म्हणून बाई निघाल्या. मुलगा हसला, पण त्यानं ते मोबाईलवरून टाकलं नाही. त्यात एक शब्द नव्हता ना.

मला हे सगळं आठवलं की राग येतो, आणि तो बाईंचा नाही. आज त्याच पुरवणीत त्याच जागी परीक्षण येतं. लिहिणारा सिनेमा बघत नाही. निर्मात्याच्या लोकांनी पाठवलेला मजकूर येतो, त्यातली विशेषणं पुढंमागं करतो, खाली चार तारे टाकतो. कुणाला काही वाटत नाही. वाचकांनाही नाही, कारण आपल्याला कुणी खरं सांगत होतं, ही गोष्टच लोक विसरले आहेत.

बाईंचं लिहिणं थांबलं ते ज्या सिनेमामुळं, तो आपल्याच जिल्ह्यातल्या एका बड्या माणसानं काढलेला होता. त्याची कापसाच्या जिनिंगची कामं होती, बांधकामं होती, आणि आता सिनेमा. चार दिवस शूटिंग बोरीच्या बाजूला झालं, बाकी सगळं पुण्यात. आमच्या पेपरानं पानभर जाहिराती घेतल्या होत्या, बातम्या दिल्या होत्या, 'आपल्या मातीतला सिनेमा' असं सदरही चालवलं होतं. पेपराचे मालक आणि संपादक एकच, त्यांना सगळे दादा म्हणायचे. दादांनी मला बजावलं होतं, "बाईंना म्हणावं, जरा सांभाळून."

मी बाईंना तसं काही म्हणालो नाही. म्हणून उपयोगही नव्हता.

सिनेमा असा होता: पुण्यातलं एक श्रीमंत घर, त्यात भांडणं, रुसवे, शेवटी सगळे एकत्र. आणि त्या घरात कामाला असलेली एक बाई, परभणीकडची. ती 'करायलीय', 'जायलीय', 'लय', 'न्हाई' म्हणायची आणि दर वेळी पार्श्वसंगीतात टुंग असा आवाज यायचा, म्हणजे लोकांनी हसावं. आणि लोक हसत होते. परभणीतच. बाहेर पाणीपुरी खाताना जे 'तिखट लय करायलाव का भाऊ' म्हणतात, तेच आत बसून 'लय'ला हसत होते.

बाईंनी तो सिनेमा दोनदा बघितला आणि लिहिलं. मी त्यातलं काही अजून जसंच्या तसं सांगू शकतो. 'या चित्रपटात घरातली माणसे रडतात ती पुस्तकी मराठीत, आणि कामवाली हसवते ती परभणीच्या बोलीत. म्हणजे रडायला आपली बोली पुरत नाही, असे दिग्दर्शकाला वाटते काय? आपल्या बोलीवर हसण्यासाठी आपणच तिकीट काढायचे, आणि त्याला आपल्या मातीतला चित्रपट म्हणायचे, याइतका दुसरा विनोद मला या चित्रपटात आढळला नाही.'

मी मजकूर तसाच पानात लावला आणि घरी गेलो. संध्याकाळी दादांनी पान परत उघडायला लावलं.

रविवारी सकाळी मी दात घासत होतो तर बाई दारात. हातात पेपर. पायात घरातल्या स्लिपर. एवढ्या व्यवस्थित बाई, पण चपला बदलायचंही सुचलं नव्हतं.

"पोखर्णीकर, हे कुणी लिहिलं?"

मी पेपर घेतला. वर बाईंचं नाव, बाजूला बाईंचा फोटो, आणि खाली: 'अस्सल मराठवाडी विनोदाची पोटभर मेजवानी. सहकुटुंब सहपरिवार एकदा अवश्य बघावा.'

"बाई, मी न्हाई लिहिलं. मी तुमचंच लावून गेलो होतो."

"मेजवानी!" बाई म्हणाल्या. "मी जन्मात कधी मेजवानी हा शब्द लिहिला नाही हो! सहकुटुंब सहपरिवार! ही काय लग्नपत्रिका आहे?" आणि मग एकदम पायरीवर बसल्या. "सकाळपासून तीन फोन आले. माझ्या शाळेतल्या मुलींचे. बाई, तुम्हाला आवडला ना, मग आम्ही जातो म्हणाल्या. माझ्या शब्दावर जायल्यात त्या." त्यांचं 'जायल्यात' त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

सोमवारी त्या दादांसमोर बसल्या. मी दाराशी उभा होतो. दादांनी चहा मागवला, खुर्ची पुढं ओढली, हात जोडले.

"बाई, आपला माणूस आहे. पहिल्यांदा कुणीतरी आपल्या भागातून उठलंय. आपणच त्याला खाली ओढायचं का?"

"मी त्याला कुठं ओढलं? सिनेमा वाईट आहे एवढंच म्हटलं. चांगला काढा म्हणावं, चांगला लिहीन."

"झालं ते झालं. पुढच्या रविवारी तुम्ही मनासारखं लिहा. शब्द हलणार नाही."

"पुढचं पुढं. आधी एक ओळ छापा: 'गेल्या रविवारी माझ्या नावाने आलेले परीक्षण माझे नाही.' बस. कुणाचं नाव नको, कारण नको."

दादा हसले. "असं कसं छापणार? वाचकांचा विश्वास उडेल."

"उडायलाच पाहिजे!" बाईंनी टेबलावर एवढ्या जोरानं हात आपटला की बशीतला चहा सांडला. "खोटं छापताना उडत नाही, आणि खरं छापलं की उडतो, हा कसला विश्वास तुमचा?"

ओळ छापली गेली नाही. बाईंनी त्यानंतर आमच्याकडं एक अक्षर लिहिलं नाही.

पण गंमत पुढं आहे. सिनेमावाल्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी ते छापलेलं परीक्षण वाचलं, कापून मोबाईलवर फिरवलं, आणि परभणीच्या थिएटरात दुपारच्या खेळानंतर यशाचा सोहळा ठेवला तेव्हा सत्कारासाठी बाईंना बोलावलं. मला वाटलं बाई फोन आपटतील. त्या म्हणाल्या, "येते." आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही या. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

खेळ संपला. हॉल गच्च भरलेला, लोक नुकतेच हसून हसून मोकळे झालेले. पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या. निर्माता, दिग्दर्शक, आमचे दादा आणि त्या कामवालीचं काम केलेली नटी. साधी, सावळी मुलगी, ओठ मिटून बसलेली. सूत्रसंचालकानं 'विनोदाची पोटभर मेजवानी' हे वाक्य मोठ्यानं वाचलं आणि टाळ्यांत बाईंना पुढं बोलावलं. निर्मात्यानं शाल घातली. बाईंनी ती काढली, चौघडी केली आणि खुर्चीवर ठेवली. मग माईक घेतला.

"नमस्कार. मला एक खुलासा करायचा आहे," त्यांनी सुरुवात केली. वर्गात धडा वाचावा तसा स्वच्छ आवाज. "आत्ता जे वाचून दाखवण्यात आलं, ते..."

दिग्दर्शकाला वाटलं बाई संकोचतायत. तो हसत मध्येच म्हणाला, "बाई, लाजू नका. तुमच्या बोलीवर आमचं प्रेमच आहे. बघा ना, लोकांना किती आवडतंय!"

बाई त्याच्याकडं वळल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आणि पुढचं जे आलं ते पुस्तकातून आलं नाही.

"अवं, पर मी लिव्हलंच न्हाई की ते! माजं नाव लावून दुसऱ्यानंच लिव्हलंय. आन तुमी मला शाल घालायलाव?"

हॉल फुटला. लोक खुर्चीच्या हातावर थापा मारून हसले. शिट्ट्या आल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" त्यांना वाटलं, बाई त्या कामवालीची नक्कल करायल्यात. दोन तास 'लय' म्हटलं की हसायचं, 'न्हाई' म्हटलं की हसायचं, असं शिकवून झालं होतं ना त्यांना! निर्माता हसत होता. दादा तर सुटल्यासारखे हसत होते. मला असं वाटलं की उठावं आणि एकेकाच्या तोंडावर हात ठेवावा. माझी आई अशीच बोलते. त्या हॉलमधल्या प्रत्येकाची आई अशीच बोलते.

बाई उभ्या राहिल्या. गोंधळ करणारा वर्ग शांत व्हायची वाट बघावी तशा. हसू ओसरलं तेव्हा त्यांनी तेच वाक्य तसंच पुन्हा म्हटलं. न सुधारता. आता थोडेच हसले.

"आन ह्याच्यात हसण्यासारखं काय हाय," बाई म्हणाल्या, "ते मला एकानं उठून सांगा. कुणीबी सांगा. माझ्या शाळेतल्या पोरी दिसायल्यात मला इथं, त्यांनी सांगितलं तरी चालंल."

सूत्रसंचालकानं सिनेमाचं गाणं लावायची खूण केली आणि माईक बंद झाला. बाईंनी माईक खुर्चीवरच्या शालीवर ठेवला, पायऱ्या उतरल्या आणि मधल्या वाटेनं बाहेर आल्या. मी त्यांच्या मागं.

बाहेर ऊन कडकडीत. ऑटो एकही थांबेना. बाई छत्रीही उघडेनात.

"मला नीट बोलताच आलं नाही," त्या म्हणाल्या. "उभा जन्म पोरींना सांगत आले, न्हाई नव्हे, नाही. आणि ऐन वेळी..."

"बाई, तुमी नीटच बोललाव," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मला वाटलं आता माझं 'तुमी' सुधारतील. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

तेवढ्यात थिएटरच्या बाजूच्या दारानं ती नटी पळत आली. भरजरी साडी दोन्ही हातांनी वर धरलेली, तोंडावरचा मेकअप घामानं ओघळलेला.

"बाई, थांबा. मी गंगाखेडची हाय."

बाई थांबल्या. "गंगाखेडला कुठं?"

"कारखान्याच्या रस्त्याला. पप्पा एसटीत होते." तिला धाप लागली होती. "पुण्यात गेले तर सगळे म्हणायचे, उच्चार गावाकडचे आहेत, नीट कर. दोन वर्षं मी हीच बोली विसरायला घालवली. आणि मग ह्या सरांनी विचारलं, तिकडचं बोलून दाखव. मी बोलले, सगळे हसले आणि मला काम मिळालं. आई पहिल्या दिवशी बघायला आली होती. बाहेर पडल्यावर मला म्हणली, आपण असं बोलतो का गं?"

बाईंचा चेहरा अजून रागानं तापलेला होता, पण तो राग हिच्यावर नव्हता. त्यांनी एकदम विचारलं, "तो फोनचा प्रसंग कुणी लिहिला?"

"कुणी न्हाई. सर म्हणाले, मागं कायतरी चालू ऱ्हाऊ दे, आईला फोन लावल्यासारखं कर. मी खरंच लावला."

"वाटलंच मला. त्याच्यावर मी लिहिलं होतं. तेही कापलं त्यांनी."

हे खरं होतं. बाईंच्या मजकुरात शेवटी एक परिच्छेद होता, तो मी स्वतः लावला होता. छापलेल्या पानात त्या जागी निर्मात्याचं कौतुक होतं.

"काय लिहिलं होतं?" मुलीनं विचारलं.

बाईंनी तो तिथंच, रस्त्याच्या कडेला उभ्या राहून म्हणून दाखवला. "'या चित्रपटात एक जागा अशी आहे, जिथे कुणीही हसले नाही. ती ओट्याला टेकून फोनवर आईला विचारते, जेवलीस का. आणि उत्तर ऐकून नुसते बरं म्हणते. त्या एका बरं-मध्ये तिचे घर आहे, गाव आहे आणि तिथवरचे सगळे अंतर आहे. हे काम करणारी मुलगी नवी आहे. तिला यापुढे कुणी नुसते हसवायला घेतले, तर तो कमीपणा तिचा नव्हे, घेणाऱ्याचा.'"

मुलीनं पदरानं तोंड पुसलं, सगळा मेकअप पदराला लागला.

"हे छापून आलं असतं तर मी आईला वाचून दाखवलं असतं," ती म्हणाली.

आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि लावला. "आई, एक मिनिट थांब. इथं एक बाई हायत, त्या काय म्हणायल्यात ते ऐक." आणि मोबाईल बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो कानाला लावला. दुसऱ्या हाताचं बोट दुसऱ्या कानात घातलं, कारण मागून ट्रक चालले होते.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "मी सिनेमाचं परीक्षण लिहिते. तुमच्या पोरीचं काम बघितलं मी."

आणि त्यांनी तो परिच्छेद पुन्हा सांगितला. या वेळी लिहिला होता तसा नाही. गंगाखेडच्या बाईला सांगावा तसा, आपल्या बोलीत, ट्रकच्या आवाजावर ओरडून. एक ऑटोवाला थांबला आणि ऐकत राहिला, त्याला कुणी बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. ती मुलगी दोन्ही हातांत साडी गोळा धरून बाईंच्या तोंडाकडं बघत होती.

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या,

"न्हाई ओ ताई, छापून न्हाई आलं. पर मी लिव्हलं होतं."